बांधावरच्या निंबाला तार

कापूस फुटायला लागला की माझे कान टवकारतात. दसरा उलटून गेलेला असतो, सकाळी ओट्यावर पाय ठेवला की फरशी गार लागते, उत्तरेला सातपुडा स्वच्छ दिसायला लागतो, आणि मळ्यात वेचणीच्या बायांची कलकल सुरू होते. लोकांना या दिवसांत काय सुंदर सुंदर आठवत असेल ते असो. मला आठवते रेडिओतली टकटक. काल संध्याकाळी आप्पांचा जुना रेडिओ सहज लावला, तर ती होतीच. टक्. टक्. टक्. कुणीतरी दार वाजवावं आणि नाव सांगू नये, तशी. आता ती कुठून येते हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी माझ्या मनात पहिला विचार आलाच, की हे कोण करतंय आणि कशासाठी!

स्वभावाला औषध नाही म्हणतात. पण हा स्वभाव माझा नव्हता हो. तापीकाठच्या प्रकाशा गावाहून लग्न होऊन आले तेव्हा मी साधीभोळी पोरगी होते, कुणी काही सांगितलं की मान डोलवायची. या घरानं मला घडवलं. आमच्या घरात संशय मिठासारखा. कोणत्याही भाजीत थोडा पडतोच. माझे सासरे, आप्पा, हे तर त्यातले महंत. मी नवी सून म्हणून हौसेनं शिरा केला, त्यांनी दोन घास खाल्ले, वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "चांगला शे. काय पाहिजे तुले?" मला काहीच नको होतं. हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मी म्हसावदला शाळेत शिकवायचे. शाळेत पोरांना 'आहे' शिकवायचं आणि घरी आलं की अहिराणीतल्या 'शे'वर यायचं, अशी माझी दोन जिभांची नोकरी. आमचं घर गावात नाही, मळ्यातच आहे. शेजारी दुसरं घर आप्पांच्या धाकट्या भावाचं, नानांचं. वाटण्या जुन्याच. दोन शेतांच्या मधे एक बांध आणि बांधावर एक निंब. इतकाच काय तो दोघा भावांमधला सरहद्दीचा मामला. निंबाची सावली सकाळी आमच्याकडे, दुपारनंतर त्यांच्याकडे. निंबोळ्या दोघांच्या. पानगळ मात्र माझ्या अंगणात, त्याबद्दलही माझं एक मत आहे, पण ते जाऊ द्या.

आप्पांचे डोळे काचबिंदूनं गेले. हळूहळू गेले, आणि जाताना त्यांनी डॉक्टर, थेंबाची बाटली, ती बाटली आणणारा मुलगा, या सगळ्यांवर आळीपाळीनं संशय घेतला. मग एक दिवस गप्प झाले. त्यानंतर त्यांचा दिवस दोनच गोष्टींवर उभा होता. सकाळ नानांची आणि संध्याकाळ रेडिओची. मधली दुपार कशीतरी ढकलायची.

नाना सकाळी बांध ओलांडून यायचे, ओट्यावर बसायचे, पेपर वाचून दाखवायचे. मग आप्पांचा हात आपल्या खांद्यावर ठेवून त्यांना पिकात न्यायचे. कापसाचं बोंड त्यांच्या बोटांत द्यायचे. "देख दादा, कसं फुटेल शे." आप्पा चिमटीत दाबायचे, नाकाशी न्यायचे आणि म्हणायचे, "वल्लं शे. तू सुकं सांगस. फसाडी ऱ्हायना माले." नाना हसायचे. आप्पांच्या बोलण्याचा राग नानांना कधी आलेला मी पाहिला नव्हता. त्यावरूनही मला शंका यायची, की एवढं हसू येतं कुठून?

संध्याकाळी दिवाबत्तीच्या सुमाराला रेडिओ. आधी बातम्या, मग शेतकऱ्यांचा कार्यक्रम, मग गाणी. सेट जुना, लाकडी खोक्याचा. मागून तांब्याची तार निघायची, खिडकीतून गच्चीवर जायची आणि तिथे एका बांबूला बांधलेली असायची. ते आमचं एरियल. घरात टीव्ही होता, पण आप्पा म्हणायचे टीव्हीवाले नुसतं दाखवतात, सांगत काहीच नाहीत. आंधळ्या माणसाच्या दृष्टीनं बरोबरच होतं ते.

त्या वर्षी मका निसवला, कापूस फुटला आणि रेडिओत टकटक सुरू झाली.

पहिला संशय शहाद्याच्या शेठजींवर. मारवाडी माणूस, पिढ्यान्‌पिढ्याचं दुकान, घरोबा असा की लग्नपत्रिका आधी त्यांच्याकडे जायच्या. पण रेडिओचे सेल त्यांच्याकडून आणलेले, म्हणून आप्पांनी सेल जिभेला लावून पाहिले आणि जाहीर केलं, "जुनं माल दिधा त्यानी." नवे सेल घातले, टकटक तशीच. मग संशय माझ्या स्वयंपाकघरातल्या नव्या बल्बवर आला. मी चिमणीच्या उजेडात भाकऱ्या थापल्या आणि दोन करपवल्या. टकटक तशीच. मग मोबाइलच्या चार्जरवर, मग पाण्याच्या मोटरीवर, मग माझ्यावर. हो, माझ्यावरसुद्धा! मी मुद्दाम आतून काहीतरी करते असं त्यांना वाटलं, कारण गाणी लागली की मला स्वयंपाकाला उशीर होतो असं मी एकदा बोलले होते. बोलले होते, खोटं कशाला सांगू?

शेवटी ठरलं की दोष एरियलच्या जागेचा. आमचे हे गच्चीवर चढले. खाली खिडकीशी आप्पा, कान सेटला लावलेला. मधे अंगणात मी, इकडचं तिकडे ओरडून पोचवायला. "आखो थोडं पुढे! तठे नही रे! हां... हां... गयं!" बांबू जिन्याच्या खोलीवरून टाकीशी गेला. टाकीवरून गोठ्यामागच्या शेवग्यावर गेला. शेवग्याची फांदी ती किती असणार, ती बांबूसकट खाली आली आणि ह्यांचं ढोपर सोलवटलं. दर वेळी पहिल्या संध्याकाळी आप्पा म्हणायचे, "आते साफ शे," आणि दुसऱ्या संध्याकाळी म्हणायचे, "कोनीतरी हात लाया." एरियलला कोण हात लावणार? वानरसुद्धा आमच्याकडे येताना विचार करतं.

मग आप्पा म्हणाले, "निंबवर लावा."

हे जरा थांबले. म्हणाले, "नानाले इचारूत ना पहिले."

"निंब मन्हा बापनी लायेल शे. त्याले काय इचारनं?"

तो बाप नानांचाही होता, हे कुणी बोललं नाही. आमच्याकडे बांधाची एक रीत आहे. बांधावर काही करायचं, झाड तोडायचं, दगड हलवायचा, साधी खुंटी ठोकायची, तर दोन्हीकडचं माणूस तिथे उभं पाहिजे. कागदावर लिहिलेली नाही ही रीत. पण ती मोडली की माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोलत नाहीत. बांध कोरणाऱ्याला आमच्याकडे चोरापेक्षा खाली बसवतात. आणि नाना त्या दिवशी प्रकाशाला गेलेले, कुणाच्यातरी दहाव्याला. तापीकाठी विधी व्हायचा, मग जेवण, यायला संध्याकाळ होणार. तोच दिवस कसा सापडला? योगायोग असेल. मला तेव्हाही शंका होती, आजही आहे.

बांबू निंबाच्या खोडाला बांधला. बुंध्याशी पक्का राहावा म्हणून बांधावर एक लोखंडी खुंटी ठोकली. तार घरापासून निंबापर्यंत ताणली, तिच्यावर लगेच दोन साळुंक्या येऊन बसल्या. दुपारी नानी, म्हणजे नानांची बायको, शेण टाकायला आली. तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं, खुंटी पाहिली. पाटी तिथेच ठेवली आणि कमरेवर हात ठेवून ज्वारीच्या रानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "आज तार, उद्या कुंपन, परवा मोजनीवाला! करा, करा, घरमा मानूस नही देखीसन करा!" मी आत निघून गेले. मला उत्तर सुचलं नाही म्हणून नव्हे. तिचं म्हणणं मला पटलं होतं.

दुसऱ्या सकाळी नाना आले नाहीत.

आप्पा ओट्यावर बसून होते. मी चहा ठेवला, सवयीनं दोन कप. ऊन पायरीवरून वर चढलं. बांधापलीकडून नानांच्या खोकल्याचा आवाज आला, बादलीचा आला, बैलाला हाकलल्याचा आला. आप्पा प्रत्येक आवाजाकडे मान वळवायचे. "येस कोनी?" मी म्हटलं, नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं. पेपर घडी न मोडता पडायला लागला. मी शाळेत जाण्याआधी मथळे वाचून दाखवायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, "तू मधलं मधलं सोडीसन वाचस. तुले काही लपाडनं शे." कापूस फुटून पांढरा झाला होता आणि त्यांच्या बोटांना तेव्हापासून एकही बोंड लागलं नव्हतं. याचं मला फार वाईट वाटत होतं. हे भांडण असंच राहिलं तर हा माणूस बसल्या जागी वाळून जाईल, अशी मला भीती वाटायला लागली. वय झालेलं. भावाशी अबोला धरून बसायला उरलंय किती आयुष्य?

आणि गंमत बघा, निंबावर तार गेल्यावर टकटक कमी व्हायच्या ऐवजी वाढली. आधी मुंगूस खुडबुडावं तशी होती, आता सुतार ठोकतोय. आप्पांना एकदम सगळं उलगडलं. "देखं? आपुन तार त्यानाकडे सरकावी, तसा त्यानी जोर वाढाया!" ह्याला काय म्हणायचं? आणि खरं सांगते, मलाही तेच वाटलं. संशय एकदा घरात जेवायला बसला की सगळ्यांच्या ताटात वाढला जातो.

रविवारी मी स्वतः वेचणीला गेले. बायांना गाणी हवी असतात म्हणून ओच्यात छोटा रेडिओ. कापसाचं एक बरं असतं, हात आपोआप चालतात आणि डोकं मोकळं राहतं. टरफलाची टोकं नखांत रुततात, बोटं पांढरी कोरडी होतात, पाठीला ऊन बसतं. एकेक ओळ करत मी बांधाकडे सरकत होते आणि ओच्यातली टकटक वाढत होती. बांधाशी आले तर गाणं बुडालं, नुसती टकटक राहिली. मी मान वर केली. नानांच्या मक्याभोवती बारीक तार फिरवलेली, आणि तिच्या कोपऱ्यात खांबावर एक डबा. वर सौर पाटी. डब्यावर लाल दिवा लुकलुकत होता. दिवा लागला की टक्. दिवा लागला की टक्.

झटका मशीन! रानडुकरं शिरू नयेत म्हणून हल्ली सगळेच लावतात. तारेला शिवलं की झटका बसतो, जनावर मरत नाही, पळतं. नानांनी त्याच हंगामात आणलेलं.

काय आनंद झाला म्हणून सांगू! संशय खरा निघण्यासारखं सुख नाही जगात. मी वेचा तिथेच टाकून घरी आले आणि आप्पांना सगळं सांगितलं. संध्याकाळी आप्पा ओट्याच्या कडेला उभे राहिले, तोंड बांधाकडे केलं, अंदाजानं, जरा चुकीच्याच दिशेला, आणि ओरडले, "लोकेसना रेडिओ बंद पाडाले मशीन लायेल शे! माले डोया नहीत, पन माले समजस!" पलीकडे नानांच्या दारातला बल्ब तेवढा लागला.

दुसऱ्या संध्याकाळी टकटक गायब. बातम्या लख्ख, गाणी लख्ख. आप्पा मांडीवर ताल धरून बसले. "देखं? दम दिधा तं सुधारना." त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते, तरी माझ्या मनात पाल चुकचुकली. नाना दमाला घाबरणारे नाहीत. तरुणपणी आलेल्या पुरात पोहत जाऊन म्हैस काढून आणलेला माणूस तो. मी कान देऊन बसले. शेवटचं गाणं संपलं, निवेदिकेनं निरोप घेतला, आणि लगेच टक्. टक्. टक्. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. कार्यक्रमाच्या आधी बंद, कार्यक्रम संपला की चालू.

कुठेतरी पाणी मुरत होतं. मला वाटलं, नाना आज गुपचूप उपकार करून ठेवतायत, उद्या पंच बसले की एकेक काढून दाखवतील. वाटलं, मोजणीच्या वेळी हेच पुढे करतील. किती वाईट वाईट वाटलं मला त्या दिवसांत, आता सांगायची सोय नाही. आजही नाना भेटले की मी लाजेनं आधी त्यांच्या पायांकडे बघते, मग तोंडाकडे.

एका सकाळी शाळेला निघण्याआधी मी बांध ओलांडला. मका आडवा पडला होता. बांधाकडची पट्टी कुणी लोळावं तशी झोपली होती, कणसं अर्धी चावून टाकलेली, मऊ मातीत खुरांचे ठसे आणि एक उग्र वास. नाना वाकून धाटं गोळा करत होते. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली.

"नाना, मशीन बिघडनं का?"

"नही. चालू शे."

"मंग डुकरे कशा घुसनात?"

त्यांनी हातातलं धाट ढिगावर ठेवलं. "दिवाबत्तीले बंद करस मी थोडं. तोच त्यासना येवाना टाइम."

"काबर बंद करतस?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ह्या मास्तरणीला कुणी नोकरी दिली. "त्याले गाना आयकू येत नहीत ना."

 मग सुचलं ते विचारलं, की एवढं करता तर सकाळी येऊन का बसत नाही?

"राग शे माले," नाना म्हणाले. "बांधवर खुंटी ठोकी आनि माले इचारं नही. राग रागना जागे. पन डोया गयात त्याना. आते कान बी मी काढी लेऊ का?" आणि धाटं उचलता उचलता म्हणाले, "त्याले सांगू नको."

मी बांध ओलांडून परत आले ती रागातच. कुणावर राग, ते मला समजत नव्हतं. आप्पा ओट्यावर, शेजारी बिनमोडलेला पेपर. न सांगण्याचं मी कबूल केलं नव्हतं, आणि केलं असतं तरी पाळलं नसतं.

"आप्पा, नानाना मका डुकरेसनी खाई टाका. तुम्हना गानासकरता तो मशीन बंद करस."

"तुले कोनी सांगं?"

"नानानी."

"खोटं बोली ऱ्हायना व्हई."

"मी सोता देखं. बांधकडना निम्मा आडवा शे."

त्यांची बोटं मांडीवर पेपर चाचपत राहिली.  मी शाळेत गेले, आणि दिवसभर पोरांवर खेकसले.

संध्याकाळी मी दिवा लावला, रेडिओ त्यांच्या पुढ्यात सरकवला. "लाऊ का आप्पा?" म्हणाले, "नको." मला वाटलं, रुसले. मग वाटलं, काहीतरी डाव आहे. कार्यक्रमाची वेळ झाली. आमच्या मळ्यात त्या वेळेला रेडिओ नाही असं कधी झालंच नव्हतं. निंबावर पाखरं भांडून गप्प झाली, दूर कुणाची तरी मोटर चालू होती तीही बंद पडली. आप्पा हात बांधून बसले होते.

तेवढ्यात बांधाकडून धापा टाकत कुणीतरी आलं. नाना. एका पायात चप्पल, दुसरी वाटेत कुठेतरी राहिलेली, धोतराचा सोगा हातात. मशीन बंद करून ते पलीकडे आवाजाची वाट बघत बसले होते, आणि आवाज आलाच नाही.

"दादा! दादा, शे का रे?"

"शे. कोठे जासू?"

नाना पायरीशी वाकून उभे राहिले. त्यांना दम खाता येईना. "रेडिओ... रेडिओ काबर नही वाजी ऱ्हायना?"

"नही लाया. तुन्हं मशीन चालू कर, जाय."

"तू बरा शे ना?"

"माले काय व्हवानं शे? मका कितला गया?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड फिरवलं. "थोडासा," ते म्हणाले.

"खोटं. सून सांगस निम्मा, तू सांगस थोडासा. तुम्हना दोन्हीसवर मन्हा इसवास नही. मी सोता हात लाईसन देखसू."

"सकाय लई जासू ना दादा."

"सकायलोंग तू पडेल धाटे उचली टाकशी. मी वळखस तुले. आत्तेच चाल."

"अंधार पडी गया."

"माले काय सांगस अंधारनं?" आप्पा म्हणाले आणि उठून उभे राहिले.

नानांनी त्यांचा हात धरून आपल्या खांद्यावर ठेवला. मी बॅटरी घेऊन मागे निघाले, तर आप्पा न वळताच म्हणाले, "तू नको येऊ." मी निंबाशी थांबले. दोघे मक्यात शिरले. पानं खसखसत होती, मोडलेली धाटं पायाखाली करकर वाजत होती, आणि आप्पांचा आवाज येत होता. "हाई पडेल. हाई बी. आनि आठे तं काहीच नही ऱ्हायनं रे!" मग आवाज चढला. "माले काबर नही सांगं तू?"

"तू तरी कोठे इचारं व्हतं माले?"

झालं, मी मनात म्हटलं. आता पेटणार. आता आजोबा, पणजोबा, वाटणी, सगळं निघणार. पान हलेनासं झालं. 

"नही इचारं," आप्पा म्हणाले. इतकी वर्षं त्या घरात राहून हा सूर मी ऐकला नव्हता. "इचाराले पाहिजे व्हतं."

 धाटं पुन्हा करकरली.

"पाय उचलीसन टाक," नाना म्हणाले, "पुढे नाली शे."